वारा सुटेना, शेंग सुटेना

एक होती खार. अगदी एवढीशी. नाव तिचं टिचकी.

टिचकी राहायची बुरूड आळीत. इंदूकाकूच्या परसात एक शेवगा होता. त्या शेवग्यावर तिचं घर.

इंदूकाकू रोज पायरीवर बसून शेंगा फोडायची. भुईमुगाच्या बरं का. फट् फट् फट्. रोज एखादी शेंग घरंगळायची. घरंगळली की ती टिचकीची. काकू काही म्हणायची नाही.

पण आज होती संकष्टी चतुर्थी. काकूच्या घरी सगळ्यांचा उपास. उपास म्हणजे काय? उपास म्हणजे दुप्पट स्वयंपाक. एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात ना? चतुर्थीचंही तसंच.

खिचडीला दाण्याचं कूट. किसाला दाण्याचं कूट. काकडीलासुद्धा कूट. कुट कुट कुट. काकू कुटतच होती. एक दाणा खाली पडला नाही. टिचकी बसली आपली बघत. सकाळ गेली, दुपार गेली, तिच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

संध्याकाळी एक शेंग घरंगळली. एकच. टण् टण् टण् पायरीवरून खाली आली.

टिचकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र. शेंगेवर हात ठेवणार, तेवढ्यात कोण आलं?

फौजदार आला. आला नि शेंगेवरच बसला. धप्प.

आता फौजदार म्हणजे पोलीस नव्हे. फौजदार म्हणजे काकूचा कुत्रा. तांबडा, गुबगुबीत, एरवी फार गुणाचा. सकाळी भाकरी खायचा. रात्री भात खायचा. परसात जाऊन यायचा नि शेपूट हलवत बसायचा. पोस्टमन आला तरी शेपूट हलवायचा. मांजर आली तरी शेपूट हलवायचा.

पण आज काकू म्हणाली, "घरात सगळ्यांचा उपास. मग फौजदाराला का नको? त्यालाही पुण्य लागेल."

झालं. फौजदाराचा उपास सुरू.

सकाळी साबुदाण्याची खिचडी. उपासाला चालते.
दुपारी बटाट्याचा कीस. उपासाला चालतो.
मग रताळ्याचे तुपातले काप. उपासाला चालतात.
वर वाटीभर बासुंदी. उपासाला चालते.

सगळं चाललं. फौजदार तेवढा चालेना.

त्याचं पोट म्हणायला लागलं, गुडगुड गुडगुड. फौजदार चपलेवर भुंकला. केरसुणीवर भुंकला. स्वतःच्याच शेपटीवर भुंकला. पोस्टमनकाका आले, तर त्यांची पिशवीच ओढली.

काकू म्हणाली, "दृष्ट लागली माझ्या सोन्याला." तिने मीठमोहरी ओवाळली.

काका म्हणाले, "दृष्ट कसली? संगत वाईट. त्या कोपऱ्यावरच्या काळ्याबरोबर फिरतो."

पोटाला कुणी विचारलंच नाही. पोट बिचारं केव्हापासून सांगत होतं, गुडगुड गुडगुड.

तर असा हा फौजदार शेंगेवर बसला. टिचकी त्याच्यासमोर उभी राहिली. एवढीशी.

"फौजदार, फौजदार, उठा जरा.
शेंग काही सुटेना.
मी एवढीशी खार,
पोटात कावळे चार."

फौजदार म्हणाला, "गुर्रर्र. मी नाही उठायचा. उठलो की काकू म्हणते, भूक लागली बाळाला. नि परत खिचडी वाढते. समोर आलं की मला राहवत नाही. कुत्रा आहे मी. मला हवा गुरगुट्या भात. ना मीठ, ना तेल, ना तिखट. आधी भात, मग मी."

टिचकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र. गेली काकूकडे. काकू स्वयंपाकघरात होती. अजून कूट करत होती. कुट कुट कुट.

"काकू, काकू, भात लाव.
फौजदार उठेना,
शेंग काही सुटेना.
मी एवढीशी खार,
पोटात कावळे चार."

काकू म्हणाली, "अगं टिचके, आज चतुर्थी. आमच्या ह्यांचा उपास सुटल्याशिवाय आमच्याकडे भात शिजत नाही. नि फौजदाराला भात कशाला? उपास मोडेल त्याचा. इतकं तुपातलं खाल्लंय, तरी रुसलाय होय? ऊठ म्हणावं, कढईत खिचडी आहे अजून."

बाहेरून आवाज आला. गुर्रर्र.

"तांदूळ धुऊन ठेवलेत बाई," काकू म्हणाली. "पण आधी हे, मग मी."

टिचकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र. गेली काकांकडे. काका झोपाळ्यावर उपास करत होते. म्हणजे काय करत होते? केळ्याचे वेफर्स खात होते. कुर्रम कुर्रम.

"काका, काका, उपास सोडा.
काकूचा भात शिजेना,
फौजदार उठेना,
शेंग काही सुटेना.
मी एवढीशी खार,
पोटात कावळे चार."

काका म्हणाले, "सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात." कुर्रम. "घसा कोरडा पडलाय." कुर्रम. "पण नियम म्हणजे नियम. कॅलेंडरात दिलेली वेळ होऊन गेली. पण मी डोळ्यांनी चंद्र बघितल्याशिवाय शिताला शिवत नाही. आधी चंद्र, मग मी." कुर्रम कुर्रम.

टिचकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र. शेवग्यावर चढली. फांदीवर चढली. शेंड्यावर चढली. अंधार पडला होता. अंधार पडला की खारी झोपतात. पण रिकाम्या पोटी झोप कशी येणार? टिचकीने मान वर केली.

"चांदोबा, चांदोबा, दिसा जरा.
काकांचा उपास सुटेना,
काकूचा भात शिजेना,
फौजदार उठेना,
शेंग काही सुटेना.
मी एवढीशी खार,
पोटात कावळे चार."

चंद्र म्हणाला, "महिनाभर कुणी वर बघत नाही. आज मात्र सगळी आळी माना वर करून बसली आहे. चांदोबा आला का, चांदोबा आला का. अगं, मी केव्हाच आलोय. पुढे हा ढग बसलाय त्याला मी काय करू? आधी ढग, मग मी."

टिचकीने ढगाकडे बघितलं. ढग चांगला जाडजूड होता. पोटावर हात ठेवून लोळत होता.

"ढगोबा, ढगोबा, सरका जरा.
चंद्र दिसेना,
काकांचा उपास सुटेना,
काकूचा भात शिजेना,
फौजदार उठेना,
शेंग काही सुटेना.
मी एवढीशी खार,
पोटात कावळे चार."

ढग म्हणाला, "समुद्रावर गेलो होतो. पाणी फार प्यायलो. आता जागचं हलवत नाही. कुणी मागून ढकललं तर सरकेन. आधी वारा, मग मी." नि ढगाने जांभई दिली. आऽऽऽ.

टिचकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र. शेवग्यावरून उतरली. आळीच्या टोकाला गेली. तिथे एक चिंच होती. चिंचेत वारा लपून बसला होता. कसा बसला होता? नाक धरून.

"वारेबुवा, वारेबुवा, वाहा जरा.
ढग हलेना,
चंद्र दिसेना,
काकांचा उपास सुटेना,
काकूचा भात शिजेना,
फौजदार उठेना,
शेंग काही सुटेना.
मी एवढीशी खार,
पोटात कावळे चार."

वारा म्हणाला, "तुमच्या आळीत? मी नाही यायचा. दुपारी आलो होतो. फौजदाराच्या अंगावरून चाललो होतो. त्याच्या पोटात एक वारा अडकलाय. त्यातला जरासा सुटला. पुस्स. मला घेरीच आली बाई. तो सगळा सुटू दे. मग मी येतो नि आळी झाडून काढतो. आधी तो वारा, मग मी."

आता काय करायचं? टिचकीला रडूच आलं. अख्खी आळी फिरली. आभाळाला हाका मारल्या. नि परत कुणाकडे जायचं? परत फौजदाराकडेच. तो तर गुर्रर्र करतो. पण शेंग त्याच्याच खाली. दुसरी शेंग नाही. काकूने सगळ्या कुटल्या.

टिचकीने डोळे पुसले. निघाली. सुर्र सुर्र सुर्र.

"फौजदार, फौजदार, ऐका जरा.
पोटातला वारा सुटेना,
झाडातला वारा सुटेना,
ढग हलेना,
चंद्र दिसेना,
काकांचा उपास सुटेना,
काकूचा भात शिजेना,
फौजदार उठेना,
शेंग काही सुटेना.
मी एवढीशी खार,
पोटात कावळे चार."

फौजदार म्हणाला, "छे छे. मी फौजदार. चारचौघांत वारा सोडू? आळी काय म्हणेल?"

"आळी काही म्हणायची नाही," टिचकी म्हणाली. "आळी पळून जाईल."

"म्हणूनच. मी आपला दाबून धरलाय."

दाबून धरलाय, दाबून धरलाय. पोट बघा त्याचं. टम्म झालंय. म्हणे आळी काय म्हणेल.

टिचकी म्हणाली, "आधी पोटोबा, मग विठोबा. तुमचंही तसंच. आधी पोटोबा, मग फौजदारकी."

नि ती चढली त्याच्या पोटावर.

"गुर्रर्र," फौजदार म्हणाला. "चावीन हं."

टिचकी घाबरली. घाबरणारच. फौजदाराचा एकेक दात तिच्या हाताएवढा. पण पोटातले कावळे गप्प बसेनात. तिने डोळे मिटले. शेपूट खाली ठेवली. मऊ मऊ शेपूट. नि पोटावरून फिरवायला लागली. गोल गोल. गोल गोल. हळू हळू. गोल गोल.

"गुर्रर्र," फौजदार म्हणाला.
गोल गोल.
"गुर्र," फौजदार म्हणाला.
गोल गोल.
"गुर," फौजदार म्हणाला.
गोल गोल.
"हं," फौजदार म्हणाला. "जरा डावीकडे."

टिचकी सरकली जरा डावीकडे. गोल गोल, गोल गोल.

आणि मग, नाक धरा बरं सगळ्यांनी. धरलं का?

पुँऽऽऽ. पुर्रर्र. ढुर्रर्र. ढुम्म.

काकांच्या हातातले वेफर्स उडाले. काका म्हणाले, "ढग गडगडला. पाऊस येणार."

ढग म्हणाला, "मी नव्हे. उगाच माझं नाव घेऊ नका."

काकू म्हणाली, "अगंबाई, शेजारचा कुकर उडाला."

फौजदार दुसरीकडे बघत होता.

पण मग काय झालं?

पोटातला वारा सुटला,
म्हणून झाडातला वारा सुटला. सूंऽऽऽ. नाक धरूनच आला, पण आला. वाऱ्याने शब्द पाळला. आळी झाडून काढली.
वारा सुटला, म्हणून ढग हलला. ढम्मक ढम्मक.
ढग हलला, म्हणून चंद्र दिसला. लख्ख.
चंद्र दिसला, म्हणून काकांचा उपास सुटला. काकांनी हात जोडले नि तसेच पाटावर जाऊन बसले.
काकांचा उपास सुटला, म्हणून काकूचा भात शिजला. फुस्स फुस्स, शिट्टी. फुस्स फुस्स, शिट्टी.

काकूने थाळी भरली. मऊ मऊ, गुरगुट्या भात. फौजदाराने मान वर केली. नाक हललं. आता उठणार. टिचकी तयार राहिली.

काकू म्हणाली, "वर तूप घालू?"

"नको," टिचकी म्हणाली. "ना मीठ, ना तेल, ना तिखट."

"तूप कुठे म्हटलं त्यात?"

"तूपही नको."

"जरासं?"

"नको."

"बरं. मग वाटीभर बासुंदी तरी? उरली आहे गं."

बासुंदी म्हटलं मात्र, फौजदाराने परत मान टाकली. धप्प. शेंग आणखी दबली.

"काकू," टिचकी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला. "काकू, नको ना गं."

काकूने टिचकीकडे बघितलं. फौजदाराकडे बघितलं. बासुंदीकडेही बघितलं. मग बासुंदी झाकून ठेवली. "नको तर नको. असला कसला मेला कुत्रा, बासुंदीला नाही म्हणतो."

थाळी खाली ठेवली. नुसता भात.

आणि फौजदार उठला.

लप लप लप. भात खाल्ला. लप लप लप. पाणी प्यायला. पोट म्हणालं, काहीच म्हणालं नाही. गप्प झालं. फौजदाराने काकूचा हात चाटला. काकांचा पाय चाटला. चपलेला शेपूट हलवली. केरसुणीला शेपूट हलवली.

काकू म्हणाली, "बघा. मी दृष्ट काढली म्हणून."

काका म्हणाले, "दृष्ट कसली? उपासाचं पुण्य आहे ते. उपासाने स्वभाव शांत होतो."

नि दोघं आपापल्या शहाणपणावर खूश झाली. मोठी माणसं अशीच असतात बरं का. आपण काही बोलायचं नाही.

आणि शेंग?

शेंग होती तिथेच. चपटी झाली होती. फौजदाराच्या वजनाने टरफल फुटलं होतं. आतून दोन दाणे बघत होते. गुलाबी गुलाबी.

टिचकीने एक दाणा उचलला. दोन्ही हातांत धरला. कुडुम.

काकू म्हणाली, "हळू खा गं. किती घाई. सकाळपासून काही खाल्लं नाहीस का?"

"नाही," टिचकी म्हणाली. कुडुम.

"काहीच नाही? खिचडी?"

"नाही." कुडुम.

"वेफर्स?" काका म्हणाले.

"नाही." कुडुम कुडुम.

काकू हळूच म्हणाली, "अहो, हिला तर कडकडीत उपास घडला. सगळ्या आळीत हिलाच."

काकांनी आपल्या पोटाकडे बघितलं. पोट म्हणालं, गुडगुड.

काकूने आपल्या पोटाकडे बघितलं. पोट म्हणालं, गुडगुड गुडगुड.

फौजदाराने दोघांकडे बघितलं. नि उठून लांब जाऊन बसला. त्याला पुढचं ठाऊक होतं.

टिचकीने दुसरा दाणा संपवला. कावळे गप्प झाले, चारही. ती शेवग्यावर चढली. सुर्र सुर्र सुर्र. शेपटीचं पांघरूण केलं नि झोपली.

दाणे संपले, गोष्ट संपली. टरफल तेवढं उरलं. गोष्ट ऐकताना ज्याने हळूच वारा सोडला, टरफल त्याचं.